सेंट पीटर्सबर्गची खंडेनवमी

मुलांनो, रेडिएटर हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मला विचाराल तर खंडाळ्याचा घाट येतो. बॉनेट उघडून कडेला उभा असलेला ट्रक, वाफेचा फुसफुसाट आणि कॅनमधून पाणी ओतणारे ड्रायव्हरकाका. इंजिनाची उष्णता बाहेर फेकून देणारी ती जाळीदार पेटी म्हणजे रेडिएटर, एवढंच मला ठाऊक होतं. पण रेडिएटर घरातही असतो आणि तो उष्णता बाहेर नाही, तर खोलीत आणून सोडतो, हे मला कळलं २०१९ च्या ऑक्टोबरात, रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात. आणि कळलं तेही कसं? हातात ब्रश आणि नाकात धूळ घेऊन!

त्याचं असं झालं. माझी ताई आणि भावजी नोकरीनिमित्त त्या शहरात राहतात. माझी भाची तिथल्याच शाळेत जाते. मी पहिल्यांदाच येतोय म्हणून तिघंही मला घ्यायला थेट मॉस्कोला आली. चार दिवस मॉस्को पाहिलं आणि रविवारी संध्याकाळी आगगाडीने पीटर्सबर्गला पोचलो.

हे शहर पीटर द ग्रेट या झारने १७०३ साली नेवा नदीच्या मुखाशी वसवलं. नकाशा काढून बघा, ते जवळजवळ ६० अक्षांशावर आहे. आपली मुंबई १९ वर! हिवाळ्यात नेवा गोठते आणि दुपारी चारच्या आधीच अंधार होतो. अशा गावात घर गरम ठेवणं ही चैन नव्हे, ती पाण्याइतकीच गरजेची गोष्ट.

ताईचं घर पाचव्या मजल्यावर. (रशियात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, बरं का! म्हणजे आपल्या हिशेबाने चौथा.) ख्रुश्चेव्ह यांच्या काळात १९५० नंतर अशा पाचमजली इमारती देशभर हजारोंनी उभ्या राहिल्या. त्यांना लिफ्ट नसते. बॅगा ओढत वर गेलो, कुलूप उघडलं आणि दातच वाजायला लागले. घर गारठून गेलं होतं.

"अगं, हीटर लाव ना," मी म्हणालो.

"हीटर नाही रे, बातारेया," ताई हसून म्हणाली. "शहरात गरम पाणी सोडलंय म्हणे. आपल्याकडे का आलं नाही कोण जाणे. बघू उद्या."

बातारेया म्हणजे तिथला घरातला रेडिएटर. प्रत्येक खिडकीखाली एक. जाड बिडाच्या उभ्या फासळ्या एकीला एक जोडलेल्या. लांबून बघितलं तर आपल्या बाजाच्या पेटीचा उघडलेला भाताच वाटतो. गंमत म्हणजे रशियन लोकही त्याला लाडाने 'गार्मोश्का' म्हणतात. गार्मोश्का म्हणजे त्यांचं भात्याचं वाद्य!

या पेटीत विजेची तार नसते की शेगडी नसते. तिच्यातून नुसतं गरम पाणी वाहतं. ते पाणी घरात तापवत नाहीत. शहरात मोठाली केंद्रं असतात. त्यांतली काही वीज तयार करतात आणि त्यातून उरलेल्या उष्णतेवर पाणीही तापवतात. जमिनीखालच्या जाड पाइपांतून ती उष्णता हजारो घरांपर्यंत पोचते. याच शहरात २५ नोव्हेंबर १९२४ रोजी फोंतांका नदीकाठच्या ९६ नंबरच्या घराला वीजकेंद्रातून अशी उष्णता पहिल्यांदा मिळाली. शहराचं नाव तेव्हा लेनिनग्राद होतं. १९९१ मध्ये ते पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं.

हे पाणी कोणाच्या लहरीवर सोडत नाहीत. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंश सेल्सियसच्या खाली राहिलं की सोडायचं, असा नियम आहे. मग साधारण मे महिन्यापर्यंत पेट्या चालू.

दुसरा दिवस सोमवारचा. ताईच्या कालनिर्णयात त्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्याकडे या दिवशी काय करतात? सुतार करवत पुसतो, रिक्षावाला रिक्षा धुतो, घरातली विळी-कोयतीसुद्धा हळदकुंकू लावून पुजली जाते. जे वर्षभर आपल्यासाठी राबतं, त्याला एक दिवस पुसायचं, मान द्यायचा. "इथे कशाची पूजा करू ग, आई? माझी सायकल तर तळघरात आहे," असं भाची विचारत होती, इतक्यात दारावर थाप पडली.

दारात एक आजीबाई. डोक्याला रुमाल, अंगात जाड कोट. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीण. दोन जिने चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. वय ८३! ताईने त्यांना आत बसवलं. त्या रशियनमध्ये हळूहळू काहीतरी सांगत होत्या आणि ऐकता ऐकता ताईचा चेहरा उतरत गेला.

"अरे देवा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आपण मॉस्कोला गेलो नि इकडे खालची चार घरं गारठली! या बिचाऱ्या तीन दिवस घरात कोट घालून बसल्यात. रोज वर येऊन आपलं कुलूप बघून परत जात होत्या."

आता आमच्या कुलपाचा आणि त्यांच्या थंडीचा काय संबंध? जरा लक्ष देऊन वाचा. या इमारतीत पाणी एका उभ्या पाइपातून खालून वर चढतं, सगळ्यांत वरच्या मजल्यावर वळसा घेतं आणि शेजारच्या पाइपातून खाली उतरतं. पाचही घरांतून जाणारं पाणी एकच. उन्हाळ्यात पाइप रिकामे करून दुरुस्ती केली की त्यांत हवा शिरते. पुन्हा पाणी सोडलं की हवा हलकी म्हणून वर वर जाते आणि नेमकी त्या वळणावर, म्हणजे आमच्या पेटीत, अडकून बसते. हवा अडकली की पाणी थांबलं. पाणी थांबलं की पाचही घरं गार! ती हवा सोडायची चावी वरच्या मजल्यावर. आणि वरच्या मजल्याला आमचं कुलूप. पाच घरांची ऊब आम्ही दाराआड कोंडून मॉस्कोला फिरायला गेलो होतो!

हवा सोडण्यासाठी पेटीच्या वरच्या टोकाला एक छोटा स्क्रूचा नळ असतो. त्याचं नाव मायेव्स्कीचा नळ. भाचीने मात्र लहानपणीच त्याचं नाव ठेवलंय, 'मायेचा नळ'.

पण तो दिसेल तर ना! भाचीच्या खोलीतल्या पेटीवर घरमालकाने लाकडी जाळीची चौकट बसवली होती. ती काढली आणि आम्ही बघतच राहिलो. फासळ्यांमध्ये कापसासारखी राखाडी धूळ दाटून बसली होती. शिवाय दोन पेन्सिली, एक मोजा आणि गेल्या वर्षी हरवलेला पत्त्यांतला गुलाम. मायेव्स्कीचा नळ त्या धुळीखाली पार बुजला होता.

"आधी साफ करा, मग उघडा," आजीबाई म्हणाल्या. "गरम झाल्यावर ही धूळ जळकट वास मारते."

भावजींना यायला तासभर होता. तेवढ्यात आम्ही कंबर कसली. पेटी थंड होती, हे बरंच होतं. ती धुवायची ती थंड असतानाच, नाहीतर हात भाजतात. आजीबाई खुर्चीत बसून सूचना देत होत्या, भाची भाषांतर करत होती आणि मी राबत होतो. आधी खाली ओली वर्तमानपत्रं अंथरली. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये एक ओली चादर सोडली. मग ताईने केस वाळवायचा ड्रायर आणला आणि पुढून वाऱ्याचा झोत सोडला. फासळ्यांमधली धूळ उडून मागच्या ओल्या चादरीला जाऊन चिकटली. घरभर झाली नाही. आहे की नाही युक्ती? मात्र झोत चुकून एकदा माझ्याकडे वळला आणि मी सलग अकरा वेळा शिंकलो. आजीबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग बाटली धुवायचा लांब ब्रश घेऊन प्रत्येक फट वरून खाली घासली. जिथे ब्रश जाईना तिथे काठीला तो सापडलेला मोजाच बांधला. शेवटी कोमट साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसलं आणि लगेच कोरडं केलं. मी तारेचा ब्रश उचलला तर आजीबाईंनी हात वर करून थांबवलं. तारेने रंग खरवडला की बीड गंजतं. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची पूड पोटात जाणं वाईट.

तुम्ही म्हणाल, थोड्याशा धुळीने काय बिघडतं? विज्ञानाच्या पुस्तकात वहन, अभिसरण आणि प्रारण वाचलंय ना? रेडिएटर या नावाचा अर्थ प्रारण करणारा, पण या पेटीचं बरंचसं काम चालतं अभिसरणाने. खालची गार हवा फासळ्यांमधून शिरते, तापते, हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी नवी गार हवा येते. खोलीभर हवेचं असं चाक फिरत राहतं. म्हणूनच पेटी खिडकीखाली बसवतात. काचेवरून उतरणारा गारवा तिथेच अडतो. आता फटी धुळीने बुजल्या तर हवा जाणार कुठून? वर धुळीचा थर म्हणजे पेटीला घातलेली गोधडीच! पाणी गरम असूनही खोली गार राहते.

काम करता करता भाचीने विचारलं, "बाबुश्का, तुम्ही दर वर्षी एवढी घासून धुता?"

आजीबाईंनी मान हलवली आणि सांगू लागल्या. १९४१ साली त्या पाच वर्षांच्या होत्या. त्या वर्षी ८ सप्टेंबरला हिटलरच्या सैन्याने लेनिनग्रादला वेढा घातला. तो पूर्ण उठला २७ जानेवारी १९४४ ला. पहिल्याच हिवाळ्यात कोळसा संपला, वीज गेली, पाइपांतलं पाणी गोठलं आणि पाइप फुटले. लोकांनी पत्र्याच्या लहान शेगड्यांत आधी खुर्च्या जाळल्या, मग पुस्तकं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या काही आठवड्यांत लहान मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, बस्स. लाखो माणसं भुकेने आणि थंडीने गेली.

"आमची पेटी भिंतीवर तशीच होती," आजीबाई म्हणाल्या. "मी रोज तिला हात लावून बघायचे. आज तरी गरम झाली असेल, असं वाटायचं."

खोलीत कुणी काही बोललं नाही. भाचीने मात्र फडकं पुन्हा ओलं केलं आणि पुसून झालेली फासळी परत एकदा पुसली.

भावजी आले. त्यांनी नळाखाली वाडगा धरला आणि चावीने स्क्रू जेमतेम अर्धा फेरा सैल केला. (हे काम मोठ्यांचंच! आतलं पाणी चटका देणारं असतं आणि स्क्रू पूर्ण काढला तर कारंजंच उडेल.) सूंऽऽ करून हवा सुटली. बराच वेळ सुटत राहिली. मग फुर्र फुर्र, थोडं काळपट पाणी, आणि शेवटी सलग धार. भावजींनी स्क्रू घट्ट केला. पेटीच्या पोटात गुडगुड झालं. भाचीने तळहात टेकला.

"मामा, आली! गरम आली!"

ताईने त्या लखलखीत पेटीसमोर हळदकुंकवाची दोन बोटं लावली आणि एक फूल ठेवलं. आजीबाईंनी हे काय म्हणून विचारलं. भाचीने सांगितलं, "आज आमच्याकडे राबणाऱ्या वस्तूंचा सण असतो." आजीबाईंना ते फार पटलं. जिना उतरताना त्या भाचीला म्हणाल्या, "माझी पेटी गरम झाली की मी पाइपावर तीनदा वाजवीन. कान देऊन ऐक."

तिथल्या इमारतींत ही जुनीच पद्धत आहे. कुणी दंगा केला की शेजारी पेटीवर ठोकून दटावतात, आणि तो आवाज पाइपातून सगळ्या मजल्यांवर जातो.

दुसऱ्या दिवशी मी शहर बघायला निघालो. हर्मिटेज पाहिलं, नेवा पाहिली आणि मुद्दाम लिगोव्स्की रस्त्यावरही गेलो. तिथे सान-गाल्ली नावाच्या कारखानदाराचा वाडा आणि बाग आहे. फ्रान्झ सान-गाल्ली १८२४ साली आजच्या पोलंडमध्ये जन्मला आणि तरुणपणी या शहरात आला. १८५५ च्या सुमारास त्याने इथे गरम पाण्याची पेटी तयार केली. आजच्या रेडिएटरचा जनक म्हणून बहुधा त्याचंच नाव घेतात. व्होल्गाकाठच्या समारा शहरात तर २००५ मध्ये रेडिएटरचं स्मारक उभारलं गेलं. खिडकीखाली पेटी आणि वर खिडकीत मजेत पहुडलेलं मांजर!

पण मुलांनो, मला त्या शहरातलं सगळ्यांत जास्त आठवतं ते आदल्या रात्रीचं. आम्ही जेवायला बसलो होतो. भाचीचं ताटात लक्ष नव्हतं. ती मधूनच उठून पेटीला कान लावून यायची. पावणेनऊ वाजले. आणि पाइपातून आवाज आला.

टक्. टक्. टक्.

भाचीने चमचा उचलला आणि उत्तर दिलं, टक्. टक्. टक्.

तुमच्याकडे बिडाची पेटी नसेल. पण गच्चीतली पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, गल्लीतलं गटार, असं सगळ्यांचं मिळून एक काहीतरी असेलच ना? येत्या खंडेनवमीला ते कुणी पुसायचं?