बहात्तरची पोरं

दिवाळीला आम्ही चौघं भावंडं पारनेर तालुक्यातल्या घरी जमलो, की रात्री ओट्यावर 1972 चा दुष्काळ निघतोच. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायचं, मग झरा लागेपर्यंत थांबायचं, पुन्हा वाटी. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी थापताना कडेने चिरायची. मिलोबद्दल आमच्यात वाद नाही.

वाद पुढे होतो. दादा म्हणतो, "मी रोजगार हमीवर खडी फोडून शिकलो." रोजगार हमीचा कायदा 1977 चा. आमच्या पाझर तलावाच्या कामाला तेव्हा गाव 'दुष्काळी काम' म्हणायचं. पुढे कानावर पडलेलं नाव दादाच्या आठवणीत मागे जाऊन बसलं. धाकट्याला सुकडी वाटणारी बाई दिसते, तिचं घमेलं दिसतं. तेव्हा तो दीड वर्षाचा होता. आमच्या तोंडून ऐकून ऐकून ते त्याचं झालंय. केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 साली मांडलं होतं, की आठवण माणूस दर वेळी नव्याने रचतो. मला वाटतं, रचताना आपण स्वतःला कोण समजतो, तेच पहिलं हाताशी येतं.

आम्ही स्वतःला 'बहात्तरची पोरं' समजत आलो. कुणापुढे हात न पसरणारी, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली. नोकरीत कठीण दिवस आले की मी मनाने त्या तलावाच्या भरावावर जायचो. तिथे डोक्यावर मातीची पाटी घेऊन चढलो होतो, मग हेही निभेल. त्या पाटीने मला खरोखर तारलं. आणि जितक्यांदा तारलं, तितकी ती जड होत गेली.

मागच्या दिवाळीत अक्का बोलली. एरवी ती सुपारी कातरत ऐकते.

"तू कुठली पाटी उचललीस रे? सात वर्षांचं पोर. बाभळीखाली बसून बारक्याला सांभाळायचास. पाटी माझी होती. आणि दादा बोर्डिंगातून सुट्टीला यायचा, तेवढे दिवस खडी फोडायचा."

रागाने नाही, मीठ कमी झालंय असं सांगावं तसं म्हणाली.

अक्का तेव्हा सातवीत होती. मस्टरवर तिचं वय वाढवून लावलं होतं. पाऊस आला, काम संपलं, तिची शाळा मात्र पुन्हा सुरू झाली नाही. आमच्या हिमतीच्या गोष्टीत ही शाळा इतकी वर्षं एकदाही आली नव्हती. मी मान खाली घातली.

"अक्का, तू शिकली असतीस तर—"

"मला कुठलं डोकं होतं शाळेचं!"

हे ती पन्नास वर्षं म्हणते आहे, आणि आम्ही पन्नास वर्षं ऐकून घेतलं. त्या रात्री मला एकदम पगाराचा दिवस आठवला. टोळीतल्या बाया हातात पैसे घेऊन ओळीने तिच्याकडे यायच्या. ती खापरीने जमिनीवर आकडे मांडून मुकादमाचा हिशेब तपासून द्यायची. मी सांगितलं.

"ती दुसरी कुणी असेल."

"तूच होतीस," दादा म्हणाला. त्याने ते सुट्टीत पाहिलं होतं.

बराच वेळ नुसता अडकित्ता वाजत राहिला. मग तिने विचारलं, "कुठं बसायचे रे मी हिशेबाला?"

"बाभळीखालीच," दादा म्हणाला.

मला तिथे लिंब आठवतो.