चौकटीत गेलेली बेचाळीस वर्षं

शॉर्टकोड ही वर्डप्रेसमधली जुनी सोय, २००८ साली २.५ या आवृत्तीबरोबर आलेली. चौकोनी कंसात एक शब्द लिहायचा. पान उघडलं की त्या जागी फोटोंची माळ, अर्ज किंवा चौकट उभी राहते. कोड न शिकता पान सजवता येतं, म्हणून ती लोकांना आवडली. आणि मोडते तीही त्यामुळेच, कारण आपण कोड लिहितोय हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं.

कीऑनिक्सने १९७८ मध्ये ३३२ एकरांवर वसवायला घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मी दिवसभर हेच निस्तरते. संध्याकाळी नीलाद्री रोडवरच्या भाड्याच्या खोलीत तेच काम एका छोट्या मराठी दिवाळी अंकासाठी, फुकट.

तपासणीची रीत ठरलेली. प्लगइन एकेक करून बंद करायचे, मग थीम बदलून बघायची. शॉर्टकोडच्या फंक्शनने मजकूर परत देण्याऐवजी थेट छापला असेल, तर तो आपली जागा सोडून लेखाच्या डोक्यावर जाऊन बसतो. कंसातली अवतरणचिन्हं वर्डमधून आलेली, वळणदार असतील, तर कोड त्यांना ओळखत नाही. मराठी लेखकांच्या बाबतीत हा संशय मी सगळ्यात आधी घेते. (मोडीत विरामचिन्हंच नव्हती. ही भानगडही नव्हती.)

या वेळी दोष दुसराच निघाला. बेळगावचे एक निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी पत्नीवर लेख लिहिला होता. अंक निघाला त्या रात्री फोन आला. “अगं, संपादकांनी कापायचं होतं तर विचारायचं तरी!” मोबाइलवर त्यांना १९७४ सालचं लग्न दिसत होतं आणि त्याच्या पुढच्याच ओळीत २०१६ सालचं स्मशान. मधला संसार नाही.

लॅपटॉपवर मात्र सगळं होतं. उजव्या कडेच्या अरुंद चौकटीत, मुंगीएवढ्या अक्षरात, खाली खाली घसरत गेलेलं. मी ते वाचतच बसले: भाड्याच्या दोन खोल्या, तिचं शिवणाचं मशीन, तिने रागाने गटारात फेकलेली त्यांची तपकिरीची डबी. माझी रूममेट हासनची. ती देवनागरी अक्षरं ओळखते, पण मराठी तिला कळत नाही. तिने खांद्यावरून पाहिलं आणि सरळ कंस मोजले. उघडणारे दोन, बंद होणारा एक.

लग्नाच्या फोटोखालची [चौकट] कुणी बंदच केली नव्हती. शेवटच्या फोटोची चौकट नीट होती, तिचा [/चौकट] जागेवर होता. वर्डप्रेसने पहिली उघडलेली चौकट थेट त्या शेवटच्या कंसाशी जुळवली आणि मधलं सगळं तिच्या पोटात घातलं. आणि जागा वाचावी म्हणून आमची थीम मोबाइलवर चौकटी लपवते.

एक तिरकी रेघ आणि एक शब्द घातला, कॅशे रिकामी केली. काकांना फोन केला. त्यांनी फोन चालूच ठेवून सगळा लेख वाचून काढला. मला पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

“डबी आली,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “त्या चौकटी काढूनच टाक, बाळा. सलग असू दे.”