ट्रॅक नंबर चौदा

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना ताई माहेरी आली होती. आमच्या गंगाखेडात गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात. गल्लीत गणपतीचा मांडव, मांडवाला काकांचे भोंगे, आणि काका परळीच्या ऑर्डरवर गेलेले. म्हणून साउंडवर मी. साउंडवर म्हणजे काय, तर पेनड्राइव्ह लावायचा, आरतीला माइक चालू करायचा आणि उरलेला वेळ मोबाइल बघत बसायचं.

संध्याकाळी जनाबाईचा अभंग लागला आणि आमच्या घरातून मिक्सरचा आवाज यायला लागला. अभंग संपला, मिक्सर बंद. मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चहाला वर गेलेलो असताना खाली तो अभंग सुरू झाला. ताई ओट्याजवळ गेली, मिक्सरचं बटण फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भांड्यात काहीच नव्हतं. रिकामा मिक्सर घरघरत होता. आई देवासमोर बसून फुलवाती वळत होती. तिनं वर पाहिलं नाही, यावरून मला कळलं की तिला माहीत आहे.

अभंग पेनड्राइव्हमध्ये चौदा नंबरला होता. म्हणणारे सर इथलेच. पेटी शिकवायचे, सप्त्यात गायचे. कोण्या काळी त्यांनी आठ-दहा भजनं रेकॉर्ड करून घेतली. गावच्या माणसाचा आवाज म्हणून ती सगळ्या मंडळांकडे पोचली. ताई सोळा वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकायला जायची. एक दिवस अचानक क्लास बंद झाला. घरात सांगितलं गेलं की दहावीचं वर्ष आहे. मी तेव्हा लहान होतो. पुढं आणखी एका घरातल्या मुलीनं तोंड उघडलं, गल्लीत बोलाचाली झाली, सर गाव सोडून गेले. पोलिसात काही गेलं नाही. गावाला सगळं कळलं आणि गावानं कोणाला काही विचारलं नाही. सरांचा क्लास बंद झाला, नमस्कार बंद झाला, पण चौदा नंबर चालूच राहिला. कोणी मुद्दाम ठेवला नव्हता. काढायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका परतल्यावर मी त्यांना म्हणालो, हा ट्रॅक काढू या.

"कशाला वाढवायलास?" काका म्हणाले. "अभंग जनाबाईचा हाय. त्यो काय त्याच्या बापाचा हाय का?"

मग म्हणाले, असं काढायला बसलास तर वाजवायला उरणार काय? आणि इथं माझी चूक अशी की मीच त्यांना कधीतरी अनु मलिकचं सांगितलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये काही गायिकांनी त्यांच्यावर छळाचे आरोप केले, त्यांनी ते नाकारले. 'इंडियन आयडल'च्या परीक्षकाच्या खुर्चीवरून गेले, २०१९ मध्ये परत आले, ओरड झाल्यावर पुन्हा गेले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगानं पुराव्याअभावी प्रकरण बंद केलं. २०२१ मध्ये ते त्याच कार्यक्रमात पुन्हा दिसले. काकांना हे सगळं पाठ होतं. ते म्हणाले, "पंधरा ऑगस्टला शाळेत 'बॉर्डर'चं गाणं लावतोस ना? त्याचं संगीत कोणाचं?"

मी गप्प. कारण लावतो. दर वर्षी लावतो. ते घरच्या पत्रांचं गाणं लागलं की शाळेच्या मैदानावर कडेला उभे असलेले माजी सैनिक डोळे पुसतात, हे मी पाहिलेलं आहे. जावेद अख्तरांना त्या गाण्याच्या शब्दांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सोनू निगम आणि रूपकुमार राठोड गायले. एका गाण्यात किती जणांचा घाम असतो! एकावर आरोप झाला म्हणून बाकीच्यांचाही आवाज बंद करायचा?

काकांचा हुकमाचा पत्ता मात्र जुना होता. 'आशिकी' आली १९९० साली, आणि काकांचा धंदाच त्या कॅसेटवर उभा राहिला, असं ते म्हणतात. नदीम-श्रवण. वरातीत नदीम-श्रवण, हळदीत नदीम-श्रवण. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांचा खून झाला आणि पोलिसांनी कटात नदीमचं नाव घेतलं. नदीम लंडनला होते, तिथंच राहिले. भारतानं त्यांना मागितलं, पण ब्रिटनच्या कोर्टानं पाठवायला नकार दिला. भारतात त्यांच्यावर खटला उभा राहून निकाल लागला असं कधी झालंच नाही. "त्या वर्षी एक जण म्हणला, खुन्याची गाणी लावू नका," काका सांगत होते. "आता सांग, खुनी ठरला का? मी बंद केली असती तर कोणाला न्याय भेटला असता?"

मला उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. आणि बदनामी ही फार ढिली वस्तू आहे, कोणाच्याही गळ्यात पडते. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. साताऱ्याकडचा हा ब्राह्मण तमाशात गेला, पवळाबाईसोबत उभा राहिला, आणि जातीनं त्याला टाकलं. त्या बदनामीत गुन्हा कोणता होता? आज त्याच्या लावण्या संस्कृती म्हणून वाजतात. गावानं टाकलेला माणूस चूकच असतो, असं मी जनाबाईच्या गावात राहून तर म्हणूच शकत नाही. लाज बाजूला ठेवून भर बाजारात जायला निघालेली बाई आहे ती.

पण बापूरावानं कोणाला दुखवलं नव्हतं, लोकांच्या सोवळ्याला दुखवलं होतं. आमच्या सरांनी एका सोळा वर्षांच्या मुलीला दुखवलं. दोन्हीला एकच शब्द वापरतो आपण, बदनाम. तिथंच घोळ होतो.

रात्री गच्चीवर पडून मी इअरफोन लावले तर आपोआप 'तेरी दीवानी' सुरू झालं. कैलाश खेर यांच्यावरही २०१८ मध्येच आरोप झाले होते. हेतू वाईट नव्हता, कोणाला तसं वाटलं असेल तर माफी, अशा अर्थाचं ते बोलले होते. मी ते वाचलं होतं, गाणं ऐकत ऐकत. इअरफोन काढले नव्हते. त्या रात्रीही नाही काढले. हे लिहायला लाज वाटते, पण काकांना शहाणपण शिकवणारा मी असा आहे.

तिथंच एक फरक मात्र डोक्यात आला. माझ्या कानातलं गाणं माझं आहे. नको झालं तर काढीन, नाही काढलं तर माझं पाप माझ्याजवळ. भोंग्याचं तसं नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. ज्याला नको त्यानं मिक्सर लावायचा, एवढाच उपाय. आपले ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहानंतर भोंगा बंद. (गणपतीत ५५ ऐकून कोणीही हसेल, ते सोडा.) आवाज किती मोठा हे मोजायची सोय आहे. आवाज कोणाचा, आणि तो कोणाच्या खिडकीत जातोय, याचं मीटर नाही.

मे २०१८ मध्ये स्पॉटिफायनं आर. केली या अमेरिकन गायकाची गाणी स्वतःच्या प्लेलिस्टमधून काढली होती. गाणी ॲपवर होती. शोधा, ऐका, पण आम्ही होऊन तुमच्यापुढं ठेवणार नाही, असं ते धोरण. टीका झाली आणि काही आठवड्यांत कंपनीनं माघार घेतली. पुढं २०२१ मध्ये केली दोषी ठरला, २०२२ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. मला त्या माघारीपेक्षा ती मूळ रेघ पटते. ठेवणं वेगळं, वाढणं वेगळं. पेनड्राइव्ह म्हणजे प्लेलिस्टच की. ती मी भरतो.

आणि एक गोष्ट शोधता शोधता सापडली, ती अजून टोचते. दक्षिणेतली गायिका चिन्मयी श्रीपदा. 'चेन्नई एक्स्प्रेस'मधलं 'तितली' तिचं. २०१८ मध्ये तिनं ज्येष्ठ गीतकार वैरमुत्तू यांच्यावर आरोप केले, त्यांनी नाकारले. काही आठवड्यांतच डबिंग कलाकारांच्या संघटनेनं चिन्मयीचंच सभासदत्व काढलं. कारण दिलं वर्गणी थकल्याचं. आपण वाद घालतो की आरोप झालेल्याची गाणी बंद करावीत का, आणि तिकडं बोलणारीचं काम आधीच बंद झालेलं असतं.

मग ताईचं आठवलं. ती जनाबाईच्या देवळात गायची. एकादशीला आई तिला पुढं बसवायची. बायका म्हणायच्या, पोरीचा गळा लई गोड. क्लास सुटल्यावर ती पुन्हा गायली नाही. नवऱ्याला तर ती गाते हे माहीतच नाही म्हणे. आणि तेव्हा ती जो अभंग म्हणायची, तो हाच, चौदा नंबरचा. सरांनीच बसवून घेतला होता. म्हणजे गल्लीत एकाच अभंगाचे दोन आवाज होते. एक आम्ही जपला, दर वर्षी वाजवला. दुसरा गेला, तर कोणी विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी ताईला म्हणालो, तू म्हण ना, मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो, तोच लावू.

"मला काही करायला सांगू नको," ती म्हणाली. "तू फक्त ते काढ."

मी काढला. काकांना विचारलं नाही. दोन दिवसांनी मंडळाचा एक जण आला, जनाबाईचं ते गाणं कुठंय म्हणून. मी सांगितलं, फाईल करप्ट झाली. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही, आणि सांगितलं असतं तर गाण्याऐवजी ताईच गल्लीभर वाजली असती. दुसरीकडचा एक अभंग टाकला. कोणाला फरक पडला नाही.

काकांना कळलं असावं. एकदा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून बराच वेळ यादी खाली-वर करत बसले होते. तेरा, मग एकदम पंधरा. काही बोलले नाहीत. पंधरा ऑगस्टला 'बॉर्डर' लावलंच आम्ही. मैदानावर त्या गाण्यानं कोणाला पाठ फिरवावी लागतेय का, ते मला माहीत नाही. कोणी येऊन सांगितलं तर तेही काढीन, असं आज तरी वाटतं.

या वर्षी महालक्ष्म्यांना ताई आली. संध्याकाळी मी साउंडवर होतो आणि वरून मिक्सर सुरू झाला. माझ्या पोटात गोळा आला. भोंग्यावर तर कोणत्या तरी कंपनीची जाहिरात चालू होती. तरी मी गाणी तशीच सोडून जिना चढून वर गेलो. ताईनं झाकण काढलं, बोटानं चव घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय बघ." शेंगदाण्याची चटणी होती.