परसदारची गुलबक्षी

फुलझाडांच्या मानपानात गुलबक्षीचा क्रम फार खालचा. जाई, मोगरा, शेवंती यांना अंगणात जागा मिळते. गुलबक्षी वाढते ती मागल्या दारी, न्हाणीच्या पाण्यावर. आमच्या घरी ती देवालाही वाहिली जात नसे. पूजा सकाळची आणि ही उमलणार दुपार कलल्यावर. मेळ बसायचा कसा? आम्हां मुलींच्या वाट्याला मात्र ती पुरेपूर येई. फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून, सुईदोऱ्यावाचून आम्ही गजरे करीत असू. आमच्या बायकांच्या बोलण्यात तर लुगड्याच्या एका रंगालाच तिचे नाव मिळाले आहे, आणि हा मान शेवंतीलाही नाही!

निपाणीहून मी लग्न होऊन बेळगावला आले ती १९७४ साली. दुसऱ्या वर्षी आईने एक कंद फडक्यात बांधून दिला. रताळ्याएवढा, वरून काळपट. काळ्या रानातला तो कंद इथल्या तांबड्या मातीत रुजेल की नाही अशी मला शंका होती. तो रुजला. शेजारच्या अक्का कानडी बोलणाऱ्या. कुंपणापलीकडे त्यांचीही गुलबक्षी होती, पिवळी. त्या तिला ‘संजे मल्लिगे’ म्हणत, म्हणजे संध्याकाळचा मोगरा. मोगऱ्याशी तिचे काहीच नाते नाही, पण तिन्हीसांजेचा तो मंद वास घेतला की नाव ठेवणाऱ्याला दोष देववत नाही. आमच्या सीमाभागात १९५६ पासून भाषेवरून किती वाद झाले ते वाचकांना सांगायला नको; २०१४ साली गावाचे सरकारी नावही बदलले. कुंपणाजवळच्या त्या झाडांना मात्र पहिल्यापासून दोन नावे होती, आणि ती मूळची अमेरिका खंडातली आहेत हे आम्हां दोघींच्याही गावी नव्हते.

तिची निगा म्हणाल तर सांगण्यासारखे फार थोडे. मिऱ्याएवढे काळे, सुरकुतलेले बी रात्रभर भिजवावे आणि मृगाच्या आधी बोटाच्या पेराइतके खोल पेरावे. दोन रोपांत हातभर अंतर असावे. खत जास्त झाले तर पाने माजतात, फुले रोडावतात. बेळगावच्या पावसात जपायचे ते एवढेच, की बुंध्याशी पाणी साचू नये, नाहीतर कंद कुजतो. थंडी सरता सरता झाड वाळते. नवख्या माणसाला वाटते, मेले. फांद्या जमिनीलगत छाटाव्या आणि कंदाला हात लावू नये. बी व कंद दोन्ही विषारी, म्हणून घरात लहान मूल असेल तर गळलेले बी वेचून टाकावे.

काही वर्षांनी कुंपणाच्या कडेला आपोआप उगवलेल्या रोपांवर गुलबक्षी आणि पिवळा असे दोन्ही रंग एकाच फुलावर दिसू लागले. कुठे ठिपके, कुठे अर्धे पाकळीचे पान. हे काम पतंगांचे. रात्री लांब सोंडेचे पतंग या नळीतला मध प्यायला येतात आणि इकडचे पराग तिकडे नेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने याच झाडाची तांबडी आणि पांढरी फुले संकरित केली, तेव्हा पहिल्या पिढीत गुलाबी फुले आली आणि त्यांच्या संततीत पुन्हा तांबडी, गुलाबी, पांढरी असे तिन्ही रंग उमटले. म्हणजे अशा झाडाच्या बीमधून तोच रंग येईल याची शाश्वती नाही. ती कंदात असते.

हे सारे सांगायचे कारण असे की, अक्का गेल्या आणि त्यांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. त्यांची पिवळी गुलबक्षी सिमेंटखाली गेली. गेल्या वर्षी आमच्याही परसात फरशी घालायचे ठरले. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, माझे गुडघे आता तोल सांभाळत नाहीत आणि मुलाला मोटार आत घ्यायची होती. त्याचे म्हणणे वावगे नव्हते. “आई, बी काढून ठेव, कुंडीत लावू,” तो म्हणाला. मी त्याला ती ठिपक्यांची फुले दाखवली आणि बीचा कारभार समजावून सांगितला. कंद उकरून पाहिला, तर तो मनगटाहून जाड होऊन भिंतीच्या पायात शिरलेला. अक्कांच्या झाडाचे आता उरले होते ते तेवढेच.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग टेप आणून त्याने मोटारीची रुंदी मोजली आणि भिंतीकडेने दीड फूट माती मोकळी ठेवायला गवंड्याला सांगितले. गवंडी कुरकुरला, सरळ रेघ चुकते म्हणाला; पण ठेवली. यंदा वळवाच्या पहिल्या सरीनंतर सात कोंब वर आले आहेत, त्यांतले दोन पट्टीबाहेर, फरशीच्या सांध्यातून.