हात तेवढे काढा

आम्ही दोघी बहिणी चित्रे काढतो. आम्हाला कोणी चित्रकार म्हणत नाही आणि तसे म्हणवून घ्यावे असे आमचे शिक्षणही झालेले नाही. थोरलीचा संसार चिपळुणात, धाकटीचा रत्नागिरीत. दोघींच्या स्वयंपाकघरात भाजीच्या सुरीशेजारी पेन्सिल सापडेल, एवढीच आमची ओळख. कुठल्या वर्गाला गेलो नाही की कुणा उस्तादापुढे बसलो नाही. जे काही आले ते एकमेकींच्या चुका काढून आले. चुका काढण्यात आम्ही हुशार आहोत असे आम्हाला पुष्कळ वर्षे वाटत होते. तो भ्रम कसा गेला, ते सांगायचे आहे.

गोष्ट १९८६ पासूनची. थोरली सातवीत, धाकटी पाचवीत. शाळा उर्दू माध्यमाची. चित्रकलेचे शिक्षक शाळेत नव्हते. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुली एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायच्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम असे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून आम्हाला हेवा वाटे. अब्बा तेव्हा कुवेतला होते. सुट्टीवर येताना त्यांनी बारा पेन्सिलींचा पत्र्याचा डबा आणला. एचबीपासून सिक्स-बीपर्यंत. त्या डब्याचा पहिला उपयोग आम्ही अम्मीचे तोंड काढायला केला.

अम्मी तांदळाची भाकरी थापत होती. कागद पाहताच तिचा हात थांबला. ती रागावली नाही, घाबरली. "जिवंत माणसाची तसवीर काढू नये गं. कयामतच्या दिवशी म्हणतील, काढलीस ना, आता यात रूह घाल. कुठून घालणार?" या प्रश्नाचे उत्तर दहा-बारा वर्षांच्या मुलींजवळ असणे शक्य नव्हते. आम्ही रडवेल्या झालो. मग तिनेच वाट काढली. "फुलं काढा, झाडं काढा, मशिदीचा मिनार काढा. अगदीच राहवत नसेल तर हात तेवढे काढा. हाताला काही कुणी चेहरा म्हणत नाही."

हे फिकहच्या कुठल्या किताबात बसते की नाही, आम्हाला ठाऊक नाही. सजीवांच्या चित्राविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी चित्रकलेच्या बाजूने लिहिले होते, हे आम्ही फार पुढे वाचले. अम्मीने मात्र एका घरापुरता, एका दुपारी, पीठ लागलेल्या हातांनी फतवा दिला आणि आम्ही तो पस्तीस वर्षे पाळला.

चित्र शिकणाऱ्या कोणालाही विचारा, सर्वांत अवघड काय? तो हातच म्हणेल. अम्मीला हे माहीत असते तर कदाचित तिने पाय सांगितले असते.

आमचे पहिले हात म्हणजे केळ्याचे घड होते. पाच बोटे, पाच नखे, सगळे मोजून बरोबर आणि सगळे चूक. उपाय सापडला तो शाळेतच, पण चित्राच्या नव्हे, खुशखतीच्या तासाला. बरूची कलम तिरकी धरून टेकवली की चौकोनी नुक्ता उमटतो. आमचे मास्तर त्या नुक्त्याने अक्षर मोजायला शिकवत. नस्तालिकमधला अलिफ तीन नुक्ते उंच. बाकीच्या हरफांचीही मापे अशीच ठरलेली. दहाव्या शतकात बगदादचा वजीर असलेल्या इब्न मुक्ला याने अक्षरांना असे प्रमाण बांधून दिले, असे मास्तर अभिमानाने सांगत. एके दिवशी थोरलीच्या मनात आले, अक्षर नुक्त्याने मोजता येते तर हात का नाही?

त्या संध्याकाळी आम्ही आमचेच हात मोजले. तळहाताच्या मागच्या बाजूने पाहिले तर मधले बोट मनगटापासूनच्या लांबीच्या जवळजवळ निम्मे भरते. पुढून पाहिले तर तेच बोट आखूड दिसते, कारण बोटांच्या मुळाशी कातडीचा पडदा वर चढलेला असतो. बोटांची पेरे एका ओळीत नसतात, कमानीत असतात. अंगठा इतर बोटांच्या रांगेतला नाहीच, तो बाजूने, वेगळ्याच दिशेने निघतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढा असतो. चेहरा काढायचा नव्हता, पण त्याचे माप अशा रीतीने आमच्या हाती आले.

मग पद्धत ठरली. आधी तळव्याचा एक जाड चौकोन, त्याला अंगठ्याची पाचर, मग बोटांच्या दिशा नुसत्या रेषांनी. नखे आणि सुरकुत्या सगळ्यांत शेवटी. एकीने काढायचे, दुसरीने ते आरशात धरून पाहायचे. आरशात चित्र उलटे झाले की सवयीने न दिसणारी चूक एकदम डोळ्यात भरते. प्रत्येक कागदावर तारीख घालायची आणि फाडायचा कोणताही नाही, हाही नियम. रोज एक हात. परीक्षेच्या दिवसांतही, रमजानमध्येही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. पुढे अब्बा एका पिशवीनिशी घरी परतले. त्यानंतर घरात रंगांची गोष्ट कोणी काढली नाही. आम्ही रंगांशिवायच राहिलो. पेन्सिल स्वस्त होती, पाठकोरे कागद फुकट मिळत. बोटभर उरलेली पेन्सिल बोरूच्या नळीत खोचून वापरायचो. आज वाटते, रंग नव्हते म्हणून आम्ही उजेड-सावली शिकलो. भाकरी थापताना हाताच्या पाठीवर चुलीचा उजेड असतो आणि तळव्याखाली गडद सावली. पण त्या सावलीच्या कडेलाही पिठावरून परतलेला थोडा उजेड येतो. तो दाखवला की हात कागदावरून उठतो, नाही दाखवला तर चिकटून बसतो.

थोरलीचे लग्न झाल्यावर मुंबईला नातेवाइकांकडे गेलो होतो, तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेचे १९७९ मधले पुस्तक मिळाले, 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन'. इंग्रजी जेमतेम समजत होते. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांची त्यातली मांडणी आज शास्त्रज्ञ तेवढ्या सोप्या रूपात मानत नाहीत. पण त्यातले धडे कामाचे होते. चित्र उलटे ठेवून नक्कल करा. वस्तू नव्हे, दोन वस्तूंमधली रिकामी जागा काढा. कागदाकडे न पाहता नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवा आणि तेवढ्याच वेगाने पेन्सिल चालवा. बाईंचे म्हणणे एवढेच की माणूस डोळ्यांना दिसते ते काढत नाही, मनाला माहीत असते ते काढतो. आम्ही माना डोलावल्या. हे आपल्याला कधीच कळले आहे, असे आम्हाला वाटले.

चित्रांच्या नादाने वाचन वाढले. हुसेन यांच्याविषयी वाचले. १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेला हा माणूस तरुणपणी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत होता, हे वाचून धीर आला. त्यांची आई ते दीड वर्षांचे असतानाच वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. मदर तेरेसांवरच्या त्यांच्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, हात आहेत, मांडीवर मूल आहे, चेहरा नाही. २०११ मध्ये ते लंडनमध्ये वारले, तेव्हा आम्ही फोनवर त्याच चित्रांविषयी बोललो. त्यांना आईचा चेहरा पाहायला मिळाला नाही म्हणून काढता आला नाही. आमच्यासमोर तो रोज होता आणि आम्ही काढत नव्हतो.

दुसरे चित्र आपल्याच मुलखातले. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची तारीफ करणारे 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचे फारसी काव्य आहे, त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले आहे. सोळाव्या शतकातले. त्यातली चित्रे आम्ही छापील स्वरूपात पाहिली. बादशहाशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायूँ, म्हणजे चांदबिबीची आई, बसलेली होती. पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतून ती रंग फासून पुसून टाकली. बादशहा शाबूत, महाल शाबूत, शेजारी मात्र बेगमेच्या जागी एक डाग. आमच्यातली धाकटी तेव्हा म्हणाली, "आपल्या वह्यांत अम्मी अशीच आहे की गं." थोरलीला ते आवडले नाही. पुसणे वेगळे आणि न काढणे वेगळे, असे तिचे म्हणणे. हा वाद अजून मिटलेला नाही.

२००४ मध्ये अम्मी-अब्बा हजला गेले. पासपोर्टसाठी फोटो काढावाच लागला. आम्ही संधी साधली. "अम्मी, आता फोटो काढलासच ना?" ती म्हणाली, "तो सरकारला हवा होता, मला नाही." पुन्हा विचारले नाही.

वह्या साठत गेल्या. माहेरच्या घरी पलंगाखाली लोखंडी ट्रंक होती, तिच्यात ठेवत गेलो. अम्मीने ती कधी उघडली नाही. तिने पाहिले नाही आणि आम्ही दाखवले नाही. आम्हाला वाटे, आपण तिचा मान राखतो आहोत. तिलाही बहुधा तसेच वाटत असावे.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. धाकटी सणासाठी चिपळूणला आली होती. रात्रभर पाऊस. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचे पाणी मोहल्ल्यात शिरले. २००५ चा पूर पाहिलेली माणसेही म्हणाली, हे पाणी वेगळे आहे. अब्बा आता हयात नाहीत. अम्मीला आम्ही दोघींनी धरून जिन्याने वर नेले. खालचे काहीच वर आणता आले नाही. माळ्यावरून आम्ही आमच्या घरातले पाणी दिवसभर पाहत होतो. धान्याचा डबा तरंगत जाताना पाहिला. ट्रंकेचे नाव कोणी काढले नाही.

पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला लोक आले, आपल्या मोहल्ल्यातले आणि बाहेरचेही. ट्रंक उघडली तेव्हा आत कागदाचा लगदा होता. वरच्या वह्या गेल्याच. आम्ही ती ढकलून चिखलाच्या ढिगाकडे नेत होतो, तेवढ्यात अम्मी म्हणाली, "थांबा. जे सुटं होतंय ते सुटं करा."

ऊन पडले त्या दिवशी सज्ज्यात दोऱ्या बांधल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली अम्मी एकेक पान पाण्यातून काढून, पापड वाळवावेत तशा हळुवारपणे टाकत होती. स्केचपेनने काही लिहिले होते ते पसरून गेले होते. पेन्सिल मात्र टिकली होती. कागद मातीच्या रंगाचा झाला होता, रेष होती तिथेच होती. साठ-सत्तर पाने वाचली. सगळीकडे हात. पीठ मळणारे, कोळंबी सोलणारे, तसबीह फिरवणारे, दुआ मागणारे. अम्मी पहिल्यांदाच ते पाहत होती. आम्ही तिच्याकडे पाहायचे टाळत होतो.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "हे कुणाचे हात?"

"तुझेच की."

"माझे नव्हेत." तिने उजवा हात आमच्यासमोर धरला. "माझी करंगळी वाकडी आहे. लग्नाआधी उखळावर मुसळ बसली होती. तुम्ही सगळीकडे सरळ काढली आहे."

आम्ही पाहिले. वरच्या पेरापासून करंगळी आत वळलेली होती. आजची नव्हे, आमच्या जन्माआधीची. आम्ही पुन्हा दोरीवरची पाने पाहिली. अगदी १९८७ मधल्या एका पानावर, आमच्या सर्वांत कच्च्या दिवसांत, करंगळी थोडी वाकडी दिसत होती. तिथे खोडरबराची खूण होती आणि शेजारी सरळ रेष. आरशात धरून पाहणारीनेच ती चूक म्हणून दाखवली असणार.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पुराने नव्हे, करंगळीने. सुरुवातीला काही येत नव्हते तेव्हा आम्ही पाहत होतो. मापे आली, पद्धत आली, हात सफाईदार झाला आणि पाहणे थांबले. 'अम्मीचा हात' असा एक साचा तयार झाला आणि रोज एक या नियमाने आम्ही तोच गिरवत राहिलो. स्वतः शिकणाऱ्याचा धोका हाच. सरावाने रेष पक्की होते, पण तिच्याबरोबर चूकही पक्की होते. आम्ही दोघी एकमेकींच्या उस्ताद होतो खऱ्या, पण दोघींचे डोळे एकाच सवयीचे. तिसरे कोणी पाहायला हवे होते. ते तिसरे माणूस पस्तीस वर्षे त्याच घरात होते. आम्ही ट्रंकेला कडी घालत होतो.

आता धाकटी महिन्यातून एकदा चिपळूणला येते. अम्मी पाटावर बसते, आम्ही दोघी समोर. काढून झाले की आरशाऐवजी कागद तिच्या हातात देतो. ती बारीक डोळे करून पाहते. शीर चुकली की सांगते. बांगडीची जागा वर गेली की सांगते. मागच्या खेपेला म्हणाली, "करंगळी आता जमली. अंगठा मात्र तरण्या बाईचा काढलात." आम्ही खोडरबर उचलले.

चेहऱ्याचे विचारलेले नाही.