सोळावा धडा

नववीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे पुस्तक 2017 साली बदललं. त्यात 18 धडे आहेत. सुरुवात गतीच्या नियमांनी, शेवट अवकाश बघणाऱ्या दुर्बिणींनी. आठवीपर्यंत विज्ञान म्हणजे गोष्टींची ओळख असते. नववीत सूत्रं, एककं आणि उदाहरणं पहिल्यांदा अंगावर येतात. पोंभुर्ण्याला मी हा विषय शिकवते. मुलं आजूबाजूच्या गावांतून येतात, कुणी सायकलनं, कुणी एस.टी.नं. बहुतेकांच्या घरी धान, चार जनावरं, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता.

यातले काही धडे इथल्या मुलांना शिकवावेच लागत नाहीत, फक्त जोडून द्यावे लागतात. पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी खाणाऱ्या पोरांना बांबू हे गवत आहे, एकबीजपत्री आहे, हे सांगितलं की आधी कुणाचाच विश्वास बसत नाही. मग पानांच्या समांतर शिरा आणि मुळं बघायला दिली की धानाशी त्याचं नातं तीच सांगतात. आम्ल-आम्लारीला लिटमस संपला तरी अडत नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद चुन्याच्या निवळीत घातला की लाल होतो. चुना वर्गात सगळ्यांना ठाऊक असतो तो खऱ्यामुळे, म्हणजे चुना घालून घोटलेल्या तंबाखू-सुपारीमुळे. त्याच तासाला तो चुना गालाच्या आतल्या नाजूक कातडीला काय करतो तेही मी सांगते आणि जोर देऊन सांगते, कारण नववीतल्या काही मुलांच्या खिशात पुडी असते.

ऊर्जाप्रवाहाच्या धड्यात गवत, हरीण, वाघ अशी साखळी येते. एका पातळीवरून वरच्या पातळीवर साधारण दहावा हिस्साच ऊर्जा पोचते, हा नियम रेमंड लिंडेमननं 1942 साली मांडला. आमच्याकडे वाघ ही पुस्तकातली गोष्ट नाही, म्हणून मी गणित पुढे नेते. एका वाघाला वर्षाकाठी साधारण 50 मोठी सावजं लागतात. कळप टिकायचा तर वर्षाला त्यातला दहावा हिस्साच मारला जायला हवा. म्हणजे एका वाघामागे 500 चितळ-डुकरं जंगलात हवीत. हे फळ्यावर मांडल्यावर ज्याच्या घरचा बैल गेलेला असतो तो पोरगा विचारतो, “मॅडम, मंग तेवढे चितळ नसले तं वाघ गावात येते का?” उत्तर तेवढंच नाही. आईपासून सुटलेले तरुण वाघ नवी हद्द शोधत फिरतात, शेत आणि जंगल एकमेकांत घुसलेलं आहे, हेही आहेच. पण प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी पडलेला असतो.

सोळावा धडा ‘आनुवंशिकता व परिवर्तन’. पुस्तकाच्या क्रमानं गेलं तर तो वर्षाच्या शेवटाला येतो, तेव्हा परीक्षा जवळ आलेली असते आणि धडा उरकला जातो. मी तो दिवाळीच्या आधीच घेते, कारण त्यात सिकलसेल आहे. नववीच्या पुस्तकातला हा एकच आजार असा आहे की तो शिकवताना समोरच्या बाकावर कुणीतरी तो घेऊन बसलेला असण्याची शक्यता असते. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार जुना आहे, आदिवासी आणि इतर समाजांतही आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं.

धड्याची सुरुवात मेंडेलच्या वाटाण्यांनी होते. त्याआधी मी दादाजी खोब्रागडे यांचं नाव घेते. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. 1983 साली त्यांना पटेल-3 धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, पुढच्या हंगामात पुन्हा निवडल्या, आणि त्यातून आज सगळीकडे खाल्ला जाणारा एचएमटी तांदूळ आला. शाळा त्यांना फारशी मिळाली नव्हती. परिवर्तन म्हणजे काय आणि ते पुढच्या पिढीत उतरतं म्हणजे काय, हे धान लावणाऱ्या मुलांना यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

मग सिकलसेल. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असतात. हिमोग्लोबिनमध्ये बिघाड असला की ऑक्सिजन कमी पडताच त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. म्हणून सांधे ठणकतात, म्हणून रक्त कमी. दोन्ही जनुकं निरोगी असतील तर एए, एक बिघडलेलं असेल तर एएस म्हणजे वाहक, दोन्ही बिघडलेली असतील तर एसएस म्हणजे रुग्ण.

हे समजावायला मी चिंचोके आणते. अष्टचंग खेळायला फोडतात तसे फोडलेले, एक बाजू पांढरी, दुसरी काळी. पांढरी पडली तर एस, काळी पडली तर ए. एक चिंचोका बापाचा, एक आईचा, दोघंही वाहक. दोन मुलांनी एकदम टाकायचे आणि तिसऱ्यानं लिहायचं. शेकड्यानं टाकले की कोष्टक पुस्तकाशी जुळायला लागतं, चौथा हिस्सा एए, निम्मे एएस, चौथा हिस्सा एसएस. पण मला दाखवायचं असतं ते दुसरंच. कधी लागोपाठ तीनदा दोन्ही पांढरे पडतात. “चार पोरांत एक” असं मोजून मिळत नाही. प्रत्येक बाळंतपणाला चिंचोके नव्यानं पडतात. पहिलं पोर आजारी निघालं म्हणून पुढचं सुटलं, असं नाही.

आणि दुसरी गोष्ट. एसएस व्हायला दोन एस लागतात, एक इकडून, एक तिकडून. गावात पोर सारखं आजारी पडलं की ते ‘आईच्या माहेराकडून आलं’ म्हणतात, किंवा कुणी केलेली करणी शोधतात. चिंचोके टाकून झाल्यावर वर्गातली एखादी पोरगी स्वतःच म्हणते, “म्हणजे एकट्या मायची चूक नाही ना जी?” चूक कुणाचीच नाही, हे मी तेव्हा स्पष्ट सांगते. बाप वाहक आहे हे बापालाही माहीत नसतं, कारण वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नाही. कळायचं असेल तर रक्त तपासावं लागतं, आणि ते लग्नाआधी तपासलेलं बरं.

वर्गात कोण काय आहे हे मी कधीच विचारत नाही. ज्यांना सांगायचं असतं ते सुट्टीत येऊन सांगतात. मात्र हा धडा असो-नसो, पाण्याची बाटली बाकावर ठेवायची आणि केव्हाही प्यायची, हा माझ्या वर्गाचा नियम आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी वाकायला लागतात, आणि चंद्रपूरचा उन्हाळा 46 अंशांच्या वर जातो. पाय दुखतात म्हणणाऱ्या मुलाला कवायतीच्या मैदानावर उभं करू नये, हेही मी सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत आले आहे.

सगळ्यात चांगला प्रश्न मात्र दरवेळी मागच्या बाकावरून येतो. “मॅडम, हा आजार एवढा वाईट आहे तं आतापर्यंत संपला काहून नाही?” पुस्तकातल्या स्वाध्यायात नाही असा हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जंगलातल्या माणसांच्या जगण्यात आहे. अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरनं 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारत होता तिथे वाहक जास्त जगले, त्यांची मुलं जास्त झाली, आणि ते जनुक टिकून राहिलं. मलेरिया म्हणजे काय हे वैनगंगेच्या दोन्ही काठांवर कुणाला सांगावं लागत नाही. रोगट रक्त म्हणून जे हिणवलं जातं, त्याच्यामुळे आपले पूर्वज वाचले असतील, हे ऐकल्यावर मुलं ताठ बसतात. हा तास मी कितीही घाई असली तरी कापत नाही.

दहावीला भाग दोनचा पहिलाच धडा पुन्हा आनुवंशिकतेचा, आता उत्क्रांतीसह. तीच मुलं आता डीएनएपर्यंत पोचलेली असतात. त्यांना मी व्हर्नन इंग्रॅमचं 1950च्या दशकातलं काम सांगते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं आहेत, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बाकी साखळी तशीच. लगेच कुणीतरी विचारतं, “मंग तो एक बदलून नाही टाकता येत?” 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता मिळाली. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. तो उपचार फार महाग आहे आणि तो कसा चालतो हे बोर्डाच्या पेपरात येत नाही. शाळा सुटल्यावर ज्यांना थांबायचं ते थांबतात, आणि आम्ही तेवढा भाग करतो.