चावी काढली तरी बॅटरी चालूच असते

अलीकडे दवाखान्यात एक वेगळंच भाजणं दिसू लागलं आहे. अनामिकेभोवती अंगठीच्या आकाराचा पांढरट, खोल पट्टा. इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करणारा एक पोरगा असंच बोट घेऊन आला होता. हातातला पाना बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर होता आणि अंगठी एकाच वेळी पान्याला आणि निगेटिव्हला टेकली. "शॉक नाही बसला डॉक्टर, नुसती अंगठी तापली," तो म्हणाला. ते खरंही होतं.

स्कूटरची बॅटरी साधारण ४८ ते ७२ व्होल्टची असते. कोरडी त्वचा एवढ्या दाबाला बराच विरोध करते, त्यामुळे झटका फारसा जाणवत नाही आणि भीती उडते. पण धातूने दोन टर्मिनल जोडली गेली की त्यातून शेकडो अँपिअर करंट वाहू शकतो. सोनं क्षणात लालबुंद होतं आणि बोट गोलाकार भाजतं. मग सूज येते आणि पुढचा रक्तपुरवठा अडतो. म्हणून अंगठी लगेच काढा, निघत नसेल तर कापायला लावा, आणि बोट वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. 'दुखत नाही' यावर तर मुळीच विसंबू नका. खोल भाजलं की तिथल्या नसाही जळतात, म्हणून दुखत नाही.

तुम्ही गाड्या दुरुस्त करत असाल, किंवा घरातलं कुणी करत असेल, तर अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी घरीच ठेवायची सवय लावा. लग्नाची अंगठी काढायला लोक कचरतात. बायकोला हे वाचायला द्या.

कारचं प्रकरण आणखी गंभीर. तिथे ३०० ते ४०० व्होल्ट, काही गाड्यांत ८०० पर्यंत. जाड नारिंगी केबल दिसली की तो हाय व्होल्टेजचा भाग समजायचा. चावी काढली तरी बॅटरी रिकामी होत नाही. सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज शिल्लक राहते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं आणि मग मीटर लावून शून्य बघायचं. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे. घालण्याआधी दरवेळी हवा भरून छिद्र तपासायचं. "मोजे आहेत ना, कपाटात आहेत," हे उत्तर मी ऐकलेलं आहे! आणि असं काम करताना गॅरेजमध्ये एकट्याने राहू नये.

कुणी चिकटलाच तर उघड्या हाताने ओढू नका. इन्सुलेटेड हुक किंवा कोरडं लाकूड वापरा. श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. पण मला जास्त काळजी वाटते ती उठून हसत पुन्हा कामाला लागणाऱ्याची. वीज आत शिरते तिथे त्वचेवर ठिपक्याएवढी खूण असते, आतले स्नायू मात्र जळालेले असू शकतात. कारच्या बॅटरीचा झटका बसला असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढायलाच हवा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. तुटलेल्या स्नायूंचा तो रंग असतो आणि त्याने किडनी बंद पडू शकते. रोजंदारी बुडते म्हणून लोक हे टाळतात. डायलिसिसला किती दिवस बुडतील याचा हिशोब करा.

लिथियमची बॅटरी फुगली, फुसफुसली किंवा पांढरा धूर सोडू लागली तर तिथे थांबू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. आधी नुसता खोकला आणि मग काही तासांनी फुप्फुसात पाणी भरणं, असं होऊ शकतं. डॉक्टरांना 'धूर लागला' एवढं सांगून भागत नाही, 'बॅटरीचा धूर' असं सांगा. अंगावर ते द्रव उडालं असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि तेही सांगा, कारण त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आम्हाला आधी मागवावं लागतं.

पेसमेकर असलेले विचारतात, इलेक्ट्रिक गाडी चालवू का? खुशाल चालवा. उघडलेल्या हाय व्होल्टेज भागावर काम मात्र तुमच्यासाठी नाही, आणि हे मालकाला आधीच सांगून ठेवा.